किशोरवयीन मुलांना प्राचीन पेगन धर्म कसा शिकवावा : नव्या शिक्षकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

प्राचीन पेगन धर्म, म्हणजे ख्रिस्ती धर्म रुजण्यापूर्वीचे युरोपातले आणि भूमध्य सागराभोवतीचे बहुदेवतापूजक धर्म, हा विषय तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांना प्रथमच शिकवायला घेणारा शिक्षक बहुधा देवांच्या वंशावळीपासून सुरुवात करतो. झ्यूसचे आईबाप कोण, थोरचा हातोडा कसा होता, अशी माहिती मुलांना चित्रपटांतून आणि व्हिडिओ गेममधून थोडीफार मिळालेली असते, म्हणून पहिली तासिका उत्साहात पार पडते. तिसऱ्या तासिकेपर्यंत मात्र हाती गोष्टींचा ढीग जमतो आणि त्या देवांपुढे हात जोडणारी माणसे कुठेच दिसत नाहीत. हा विषय ‘ते लोक काय करत होते’ या प्रश्नापासून शिकवावा, आणि ‘ते काय मानत होते’ हा प्रश्न मुलांच्या मनात आपोआप उभा राहीपर्यंत थांबावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. प्राचीन भूमध्य सागराभोवतीच्या जगात धर्म हा मुख्यतः आचरणाचा विषय होता, आणि आपल्याजवळ उरलेला पुरावाही बहुतांशी आचरणाचाच आहे.

पुढील क्रम सात-आठ तासिकांत पूर्ण होऊ शकतो. प्रत्येक पायरीला सारखाच वेळ देण्याची गरज नाही. दुसरी आणि पाचवी पायरी सर्वांत जास्त वेळ घेतील आणि तो त्यांना द्यावा.

सुरुवातीपूर्वी : दोन नियम ठरवून घ्यावेत

वर्गात निरनिराळ्या श्रद्धांच्या घरांतली मुले असतात, काही घरांत कोणतीच श्रद्धा नसते. त्यामुळे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे की या तासिकांत कोणता धर्म खरा, हे ठरवायचे नाही. माणसांनी काय केले, का केले आणि आपल्याला ते कसे कळले, एवढेच शोधायचे आहे. पालकांनाही हे आधी लेखी कळवलेले बरे.

दुसरा नियम शिक्षकाने स्वतःसाठी पाळायचा आहे. मुलांकडून प्राचीन विधी ‘करून पाहण्याचा’ उपक्रम टाळावा. धूप जाळून एखाद्या देवतेला आवाहन करण्याचे नाटक काही मुलांच्या श्रद्धेला दुखावते, काहींना ते हसण्याचे निमित्त ठरते, आणि दोन्ही बाजूंनी त्या प्राचीन माणसांवर अन्याय होतो. युक्तिवाद, पत्रलेखन, नकाशे आणि वस्तूंचे निरीक्षण यांतून कितीतरी अधिक हाती लागते.

पायरी १ : शब्दाची झडती घ्यावी

‘पेगन’ हा शब्द लॅटिन ‘पागानुस’ यावरून आला. ‘पागुस’ म्हणजे ग्रामीण भाग, आणि ‘पागानुस’ म्हणजे तिथला रहिवासी, खेडूत. सैनिकांच्या बोलीत हाच शब्द ‘जो सैनिक नाही तो’ या अर्थानेही चालत असे. इ.स. चौथ्या शतकापासून ख्रिस्ती लेखकांनी तो ख्रिस्ती नसलेल्या आणि ज्यू नसलेल्या लोकांसाठी रूढ केला. यातल्या नेमक्या कोणत्या अर्थावरून हे घडले, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. मुलांच्या मनावर ठसवायची गोष्ट अशी, की अथेन्समधल्या, रोममधल्या किंवा अलेक्झांड्रियामधल्या माणसाने स्वतःला पेगन म्हणून कधीच ओळखले नव्हते. त्याच्याजवळ आपल्या धर्मासाठी एक वेगळे नावसुद्धा नव्हते, कारण देवांची सेवा ही शेती, न्यायदान आणि युद्ध यांच्यातच मिसळलेली होती.

मराठीत शिकवताना या शब्दाचा अनुवाद ‘मूर्तिपूजक’ किंवा ‘पाखंडी’ असा करण्याचा मोह टाळावा. पहिल्या शब्दात मूर्तीलाच सगळे महत्त्व मिळते, जे सर्वत्र खरे नव्हते. दुसऱ्यात तर निंदाच भरलेली आहे. ‘बहुदेवतापूजक’ हा शब्द बऱ्याच ठिकाणी चालतो. शक्य असेल तिथे मात्र लोकांचे नावच घ्यावे: रोमन, ग्रीक, गॉल (आजच्या फ्रान्सच्या परिसरातले), नॉर्स (स्कँडिनेव्हियातले), लिथुआनियन. ‘पेगन लोक असे करत’ या वाक्यात दोन हजार वर्षे आणि एक अख्खे खंड गुंडाळले जाते, म्हणून मुलांच्या वहीत असे वाक्य दिसले की ‘कोणते लोक, कोणत्या काळी?’ असा प्रश्न समासात लिहावा.

पायरी २ : एक वस्तू समोर ठेवावी

इंग्लंडमधील बाथ येथे गरम पाण्याचा एक झरा आहे. रोमनांनी ब्रिटन जिंकण्यापूर्वीपासून तिथे सूलिस नावाची स्थानिक देवता होती. रोमनांनी तिला आपल्या मिनर्व्हा देवीशी जोडले आणि झऱ्यालगत ‘सूलिस मिनर्व्हा’ हिचे मंदिर व स्नानगृहे बांधली. या झऱ्यातून उत्खननात हजारो नाणी निघाली, आणि त्याचबरोबर शिशाचे किंवा शिसे मिसळलेल्या धातूचे सुमारे १३० पातळ पत्रे मिळाले, ज्यांवर माणसांनी देवीला उद्देशून मजकूर कोरून तो पाण्यात टाकला होता.

त्यांतला डोसिलिआनस नावाच्या माणसाचा पत्रा वर्गासाठी फार उपयोगी आहे. त्याचा टोपी असलेला अंगरखा कोणीतरी चोरला होता. तो परमपवित्र देवी सूलिसला सांगतो, की चोर पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र, देवीने त्याला मरण द्यावे, आणि अंगरखा तिच्या मंदिरात आणून देईपर्यंत त्याला झोप मिळू नये, मुले होऊ नयेत. हा मजकूर मुलांना सोप्या मराठीत लिहून द्यावा आणि चार प्रश्न विचारावेत: बोलणारा कोण आहे, तो कोणाशी बोलतो आहे, तो काय मागतो आहे, आणि त्याची अडचण नेमकी काय आहे? मुले आधी शापाच्या क्रूरपणावर बोलतील, ते बोलू द्यावे. मग कोणीतरी हळूहळू विचारील, की एका अंगरख्यासाठी एवढे? या प्रश्नाची वाट पाहावी. थंड प्रदेशात, जिथे प्रत्येक वस्त्र हाताने विणले जाई, तिथे अंगरखा ही मोठी मालमत्ता होती, आणि चोर शोधून देणारे पोलीस नव्हते. ज्याच्याजवळ दुसरा कोणी नव्हता त्याने देवीकडे फिर्याद नोंदवली. ‘पुरुष वा स्त्री, गुलाम वा स्वतंत्र’ हे शब्द तर एखाद्या कायदेशीर दस्तऐवजासारखे आहेत, आणि ही भाषा का वापरली असेल याचा शोध मुलांनीच घ्यावा.

याला जोडून नवसाच्या शिळा दाखवाव्यात. रोमन साम्राज्यात सर्वत्र सापडणाऱ्या लहान दगडी वेदींवर शेवटी बहुधा चार अक्षरे असतात, ज्यांचा अर्थ ‘नवस स्वखुशीने आणि उचित रीतीने फेडला’ असा होतो. ‘नवस’ हा मराठी शब्द इथे अगदी चपखल बसतो आणि लांबलचक स्पष्टीकरण वाचवतो. हे सूत्र इतके रूढ होते, की केवळ आद्याक्षरे कोरली तरी वाचणाऱ्याला पुरत असे. एकदा हे समजले की ग्रीसमधल्या डोडोना येथील झ्यूसच्या कौलस्थानात सापडलेल्या शिशाच्या पट्ट्यांवरचे प्रश्नही मुलांना परके वाटत नाहीत: लग्न करावे का, मूल होईल का, प्रवासाला जावे का. कौल मागणाऱ्याच्या मनातली काळजी पंधरा वर्षांच्या मुलाला सांगावी लागत नाही.

पायरी ३ : घर, नगर, साम्राज्य

एका माणसाची मागणी समजल्यावर वर्तुळ वाढवत न्यावे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात घराघरांतले देव्हारे जसेच्या तसे मिळाले आहेत. त्यांवर घराचे रक्षण करणाऱ्या ‘लारेस’ देवतांची आणि सापांची चित्रे आहेत. घराबाहेर पडले की नगराचे देव येतात. ज्युलियस सीझर इ.स.पू. ६३ मध्ये रोमचा सर्वोच्च पुरोहित म्हणून निवडून आला, आणि वक्ता व राजकारणी सिसेरो पक्ष्यांच्या शकुनांचा अर्थ लावणाऱ्या मंडळाचा सदस्य होता. पुरोहितपद ही राज्यकारभारातली एक जबाबदारी होती, आणि विधीत चूक झाली तर तो पुन्हा पहिल्यापासून करावा लागे.

बळीविषयी मुले नक्की विचारतात आणि उत्तर टाळू नये. ग्रीक पद्धतीत प्राण्याची मांडीची हाडे चरबीत गुंडाळून देवांसाठी जाळली जात आणि मांस जमलेले लोक वाटून खात. जमावाला एकत्र बसवून वाटे ठरवणारी ही मेजवानी म्हणजे नगराचे सदस्यत्व दाखवण्याची रीत होती. कोणाला कोणता वाटा मिळतो यावरून त्याचा मान कळे.

याच तासिकेत एक गैरसमज दूर करावा. प्राचीन बहुदेवतापूजक समाज सर्व देवांचे आनंदाने स्वागत करत असे, हे चित्र अर्धेच खरे आहे. रोमने इ.स.पू. २०४ मध्ये युद्धाच्या संकटात आशिया मायनरमधून सिबेली या मातृदेवतेचा पवित्र दगड समारंभाने आणवला. त्याच रोमच्या सिनेटने इ.स.पू. १८६ मध्ये मद्याचा देव बॅकस याच्या गुप्त मेळाव्यांवर कठोर निर्बंध घातले, आणि त्या आदेशाचा कांस्यपत्र आजही अस्तित्वात आहे. अथेन्सने इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला तेव्हा नगराचे देव न मानणे हा आरोपाचा एक भाग होता. या तीन घटना शेजारी शेजारी लिहून, कोणत्या परिस्थितीत दार उघडले आणि कोणत्या परिस्थितीत बंद झाले, हे मुलांनाच ताडून पाहू द्यावे.

पायरी ४ : आता गोष्टी सांगाव्यात

देवकथांची जागा इथे आहे, आणि एक तासिका पुरते. ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात प्रेमदेवता ॲफ्रोडाइटी समुद्राच्या फेसातून जन्मते, होमरच्या काव्यात ती झ्यूस आणि डायोनी यांची मुलगी आहे. दोन्ही कथा ग्रीकांना ठाऊक होत्या आणि त्यातली खोटी कोणती हे ठरवणारा एक धर्मग्रंथ किंवा एक धर्मपीठ नव्हते. इ.स.पू. सहाव्या शतकातला ग्रीक विचारवंत झेनोफनीज तर म्हणाला, की घोड्यांना हात असते तर त्यांनी देवांची चित्रे घोड्यांसारखी काढली असती. हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि वर्गाला वाद घालू द्यावा. धर्मावरची टीका त्या धर्माच्या आतूनही होत होती, हे मुलांच्या ध्यानात येते.

पायरी ५ : सांगणारा कोण, हे विचारायला शिकवावे

या विषयातली सर्वांत मोलाची शिकवण या पायरीत आहे. उत्तर युरोपातल्या प्राचीन धर्मांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग त्या धर्मांच्या बाहेरच्या माणसांनी लिहिला. फळ्यावर चार रकाने आखावेत: लेखक कोण, त्याने केव्हा लिहिले, त्याने स्वतः पाहिले का, आणि असे लिहिण्यात त्याचा काय हेतू असू शकतो. मग एकेक नाव भरत जावे.

ज्युलियस सीझरने गॉल प्रदेशातल्या ड्रुइड पुरोहितांविषयी आणि नरबळीविषयी लिहिले, पण तो त्याच गॉल लोकांना जिंकत होता आणि आपल्या मोहिमेचे समर्थन त्याला रोममध्ये पोहोचवायचे होते. ड्रुइडांनी स्वतःची शिकवण लिहून ठेवली नाही, म्हणून त्यांची बाजू आपल्याला ऐकूच येत नाही. ब्रेमेनच्या ॲडमने इ.स. १०७०च्या दशकात स्वीडनमधल्या उपसाला येथील मंदिराचे आणि दर नऊ वर्षांनी होणाऱ्या बळींचे वर्णन केले. तो ख्रिस्ती धर्मगुरू होता आणि त्याने ही माहिती इतरांकडून ऐकली होती. नॉर्स देवकथांचा आपला मुख्य आधार असलेला स्नोरी स्टुर्लुसन हा आइसलँडर इ.स. १२२०च्या सुमारास लिहीत होता, म्हणजे त्याच्या देशाने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याला दोन शतके उलटून गेली होती. त्याला मुख्यतः जुन्या काव्यातली रूपके नव्या कवींना समजावीत अशी तळमळ होती. थोर आणि ओडिन यांच्या ज्या गोष्टी मुले पडद्यावर पाहतात त्या एका ख्रिस्ती विद्वानाच्या लेखणीतून आल्या आहेत, हे ऐकून वर्ग क्षणभर शांत होतो.

नरबळीचा प्रश्न इथेच हाताळावा, कारण तो लपवला तर मुले तो इंटरनेटवर शोधतात आणि तिथे त्यांना रंगवलेली दृश्ये मिळतात. रोमन लेखक नरबळीला रानटी लोकांची खूण मानत. परंतु कार्थेजच्या हॅनिबलने कॅनी येथे केलेल्या भीषण पराभवानंतर, इ.स.पू. २१६ मध्ये, रोमनांनीच एक गॉल स्त्री-पुरुषांची आणि एक ग्रीक स्त्री-पुरुषांची जोडी गुरांच्या बाजारात जिवंत पुरली. इतिहासकार लिव्ही हे नोंदवतो आणि ही रोमन रीत नव्हे असेही म्हणतो. सिनेटने नरबळीवर बंदी घातली ती इ.स.पू. ९७ मध्ये. हे तिन्ही तपशील एकत्र ठेवले की मुलांना दोन गोष्टी एकाच वेळी धरून ठेवाव्या लागतात: आरोप करणारा निष्पक्ष नाही, आणि तरीही आरोप निराधार असेलच असे नाही. नवख्या शिक्षकाला इथे एक बाजू घेऊन मोकळे होण्याची घाई होते. ती करू नये. मुले संदिग्धता पेलू शकतात, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो.

पायरी ६ : शेवट कसा झाला

‘एके दिवशी पेगन धर्म संपला आणि ख्रिस्ती धर्म आला’ असे कुठेही घडले नाही. इ.स. ३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांना साम्राज्यात उघडपणे उपासनेची मोकळीक मिळाली. ३६१ ते ३६३ या काळात सम्राट ज्युलियनने जुन्या देवांची पुनःस्थापना करण्याचा प्रयत्न केला. ३८० मध्ये निकीया येथील धर्मपरिषदेत ठरलेल्या श्रद्धासूत्राला अनुसरणारा ख्रिस्ती पंथ हा साम्राज्याचा अधिकृत धर्म ठरला, आणि ३९१-३९२ मध्ये सम्राट थिओडोशियसच्या कायद्यांनी बळी आणि मंदिरातली उपासना यांवर बंदी आली. इजिप्तमधील फिली बेटावर कोरलेला शेवटचा ज्ञात चित्रलिपी लेख ३९४ मधला आहे. हा कालपट भिंतीवर लावून ठेवावा, आणि त्याच्या शेवटच्या टोकाला १३८७ हे लिथुआनियाच्या धर्मांतराचे वर्षही लिहावे, म्हणजे हजार वर्षांचे अंतर डोळ्यांना दिसते.

वर्गात वादविवाद घ्यायचा असेल तर ३८४ सालचा प्रसंग निवडावा. रोमच्या सिनेटगृहात विजयदेवतेची वेदी होती; सम्राट ग्रेशियनने ती ३८२ मध्ये हटवली होती. नगरप्रमुख सिम्माकसने ती परत बसवावी अशी विनंती बालसम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन याला केली, आणि एवढ्या थोर रहस्यापर्यंत एकाच वाटेने पोहोचता येत नाही, असा युक्तिवाद मांडला. मिलानचा बिशप ॲम्ब्रोस याने त्याला कडाडून विरोध केला आणि विनंती फेटाळली गेली. दोन गट करून प्रत्येकाला एक बाजू द्यावी, आणि दुसऱ्या दिवशी बाजू बदलाव्यात. बदललेली बाजू मांडताना मुले प्रतिपक्षाची सर्वांत भक्कम मुद्देसूद मांडणी करू लागतात, म्हणून ही अदलाबदल वगळू नये.

याच्या जोडीला तडजोडीची उदाहरणे द्यावीत. पोप ग्रेगरीने ६०१ मध्ये इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मप्रचारकाला कळवले, की मंदिरे पाडू नयेत, मूर्ती तेवढ्या नष्ट कराव्यात आणि इमारती नव्या उपासनेसाठी वापराव्यात. आइसलँडमध्ये इ.स. १०००च्या सुमारास थोरगेइर या कायदेपंडिताने, जो स्वतः जुन्या धर्माचा होता, सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा असा निवाडा दिला. मात्र खासगीत, साक्षीदार नसताना बळी देण्याची मुभा काही काळ राहिली. एका देशाने यादवी टाळण्यासाठी धर्म बदलला, ही गोष्ट राज्यशास्त्राच्या तासिकेतही शोभेल.

पायरी ७ : काय उरले, आणि काय उरले असे उगाच म्हटले जाते

खरा वारसा भरपूर आहे. जानेवारी आणि मार्च या महिन्यांत जेनस आणि मार्स हे देव आहेत, इंग्रजी वारांच्या नावांत टिर, वोडन, थोर आणि फ्रिग या उत्तर युरोपातल्या देवता आहेत, आणि बहुतेक ग्रहांची पाश्चात्त्य नावे तर रोमन देवांचीच आहेत. अथेन्सची शोकांतिका मद्याचा देव डायोनिसस याच्या उत्सवात घडली, ऑलिंपिक खेळ झ्यूसच्या सन्मानार्थ होत, आणि रोमचे पँथिऑन हे देवमंदिर ६०९ मध्ये चर्च झाल्यामुळेच आजवर टिकून आहे.

दंतकथांची यादी मात्र शिक्षकाने आधीच तपासून ठेवावी. ईस्टर हा सण ईओस्त्रे देवीपासून आला असे समाजमाध्यमांवर ठामपणे लिहिले जाते. त्या देवीचा प्राचीन लेखी उल्लेख केवळ बीड या इंग्लिश साधूच्या ७२५ मधील ग्रंथात आहे. २५ डिसेंबरचा प्रश्नही असाच नाजूक आहे: रोममधल्या ३५४च्या पंचांगात त्या दिवशी अजिंक्य सूर्याचा जन्मदिन आणि ख्रिस्ताचा जन्म अशा दोन्ही नोंदी आहेत, पण कोणी कोणाकडून घेतले हे त्यावरून सिद्ध होत नाही. आजचे पेगन पंथ हे विसाव्या शतकात उभे राहिले आहेत. आइसलँडची आसात्रू संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली. त्यांच्या अनुयायांविषयी आदराने बोलावे, पण प्राचीन परंपरा अखंड चालत आली असे सांगू नये.

शेवटचा स्वाध्याय

नावे आणि सनावळ्या विचारणारी परीक्षा या विषयाला साजत नाही. त्याऐवजी मुलांना एक न पाहिलेला कागद द्यावा. सम्राट डेसियसने इ.स. २५०च्या सुमारास प्रजेने देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला होता, आणि इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर टिकले आहेत. एक दाखला ७२ वर्षांच्या ऑरेलियस डायोजेनीसचा आहे, ज्याच्या उजव्या भुवईवर व्रण होता. त्यात तो म्हणतो, की मी देवांना नेहमीच बळी अर्पण करत आलो आहे, आणि आता तुमच्यासमोर, हुकुमाप्रमाणे, बळी दिला, पेय अर्पण केले आणि नैवेद्याचे मांस चाखले. तरी कृपया प्रमाणित करावे.

हा मजकूर देऊन दोन पाने लिहायला सांगावीत: या कागदावरून तुम्हाला काय नक्की कळते, काय अंदाजाने म्हणता येते, आणि हा म्हातारा मनातून काय मानत होता? गुण देताना तिसऱ्या प्रश्नाकडे नीट पाहावे. जो विद्यार्थी त्याला बेधडक श्रद्धाळू ठरवतो किंवा भीतीने लपलेला ख्रिस्ती ठरवतो, त्याच्याशी बसून पुन्हा बोलावे लागेल. जो लिहितो, की त्याने काय केले हे कागदावर आहे, त्याच्या भुवईवरचा व्रणही आहे, पण त्याच्या मनाविषयी अधिकाऱ्याने विचारलेच नव्हते, त्याला पूर्ण गुण द्यावेत.